सोनलनं पाडलेले तीन हर्डल

हर्डलच्या शर्यतीचं माझ्याइतकं ज्ञान आख्ख्या रायपुरात कोणाले नाही. म्हणजे मी आजवर एकच शर्यत पाहिली, अन् तीही तिथं चहा मिळते म्हणून. माझी भाची सोनल पळून राहिली होती. पहिल्या दोन येणाऱ्या पोरींले रेल्वेत नोकरी मिळणार होती. पोट्टीनं दहापैकी तीन हर्डल पायानं आडवे केले अन् दुसरी आली.

मले वाटलं, पाडले म्हणजे बाद. मी ज्ञानी माणूस, लगेच बहिणीले सांगितलं, "लता, गेली नोकरी! पोरीनं सरकारी सामान तोडलं, आता पोलीस येतील." लतानं तिथंच गळा काढला.

सोनल धापा टाकत आली. "काहून रडून राहिली आई?"

मी म्हटलं, "तीन पाडले ना तू! बीरगावच्या म्हशी याहून सफाईनं नाली ओलांडतात."

तेवढ्यात माइकवर निवड झालेल्यांत तिचं नाव पुकारलं. तिनं आधी आईचे डोळे पुसले, मग माझ्याकडं वळली.

"हव मामा, पाडले तीन. पाडले तरी चालते, फक्त थांबाचं नसते. तुम्ही नववीत एकदाच आपटले, अन् तेव्हापासून बसलेच आहे."