नऊ मीटरचा वरवंटा

तुम्हीच सांगा, दगड उचलताना तुम्ही कधी कोणाला विचारलंय? दगडाला कोण विचारतं हो? पण आता सगळा पाडा आम्हा अकरा बायकांकडे असा बघतो, जसा काही पूल आम्हीच गिळला.

आमच्या पाड्याच्या आणि धसईच्या शाळेच्या मध्ये नदी आहे. दहावीच्या वर्षी पुराने माझे दोन महिने खाल्ले, मी नापास झाले, ते तसंच राहिलं. आता माझी अंजू आठवीत. ह्या पावसाआधी खांब खडकात बसले तर तिच्या दहावीला पूल, एवढाच माझा हिशेब.

तर आधी एक छोटं मशीन आलं. त्याने जमिनीत भोक पाडून खालचा खडक काढला, काळा, गोल, हातभर लांब, काय त्याचा गुळगुळीतपणा सांगू तुम्हाला... आणि ते सगळे तुकडे लाकडी पेटीत, आंब्याखाली, उघडे, तीन आठवडे! पेटीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. पूल आमच्यासाठी, लिहिणं कोणासाठी?

गोजाबाई म्हणाली, "आगो, हा तर वरवंटा हाय. पाथरवटाला पण असा जमायचा नाय."

तिने एक नेला. शेजारच्या लहानीने नेला. मी नेला. माझ्या दगडावर निळ्या शाईचा आकडा होता, तो मी राखेने घासून घासून काढला. स्वच्छतेची आवड ना मला! दगडाला कोण विचारतं?

मग खांबांचं मोठं मशीन आलं आणि पुलाच्या इंजिनीअरने, सतीश साहेबांनी, पेटीत बघितलं. रिकामी. बिचारे रागवलेही नाहीत, नुसते खाली बसले. "मावशी, पक्का खडक किती खोल आहे, ते ह्या दगडांवरून ठरणार होतं. खांब किती खोल न्यायचा, आता कसं सांगू?"

आम्ही अकरा जणी वरवंटे घेऊन रांगेत उभ्या. साहेब एकेक हातात घेऊन विचारतात, "हा किती मीटरचा? नऊ मीटरचा कुठला?"

गोजाबाई म्हणते, "मीटरचा ठाव नाय साहेब, पण हा लसणीचा हाय, वास घ्या."

साहेबांनी घेतलाही हो वास. मग वरच्या साहेबांना फोन लावला. तिकडून आवाज, "नमुने नाहीत तर पाया नाही. नवीन भोक पावसाळ्यानंतर. मशीन कसाऱ्याला पाठवा."

अंजू बाजूलाच उभी होती. माझ्या वरवंट्यावर पुसलेला आकडा शोधत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर मशीन घेऊन कसाऱ्याला गेला, आणि सतीश साहेब अकरा वरवंटे घरोघर परत देऊन गेले.