वॉशिंग मशीनमागचे मटार

…नाही, मला सांगा, डबे लपवायला घरात दुसरी जागा नव्हती? वॉशिंग मशीनच्या मागे? आणि एक-दोन नाही हो, सात! मटारचे चार, टोमॅटोचे तीन! आणि मी, हा गुणवंत, गेली अकरा वर्षं इथे शारजाच्या अल मजाजमधल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना कानीकपाळी ओरडून सांगतोय की ताजं ते ताजं!

तुम्हाला सांगतो, दर शनिवारी सकाळी सहाला अख्खं शारजा घोरत असतं आणि मी पिशव्या घेऊन भाजीबाजारात. ऑगस्टात गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही, मग मी शेंगा चाचपतो, मोडून बघतो, भाजीवाला म्हणतो, "हबीबी, यल्ला, पीछे लाइन है," मी म्हणतो थांब, शेंग कट्‌कन मोडली पाहिजे… चार तास! कशासाठी? तर बायकोच्या, विभावरीच्या हातची मटारउसळ. दुसरी वाटी घेताना दर वेळी मी विचारणार, डब्यातल्याला ही चव येईल का? आणि ती मान डोलवायची. डोलवायची हो!

परवा आमच्या ओवीला शाळेत प्रोजेक्ट दिलं, ताजी भाजी आणि डब्यातली, सत्त्व जास्त कशात? मी म्हटलं, लिही, ताजं ते ताजं, खलास. ती म्हणते, "बाबा, आय नीड डेटा." लेबल वाचायला डबा हवा. मी छाती काढून सांगितलं, आपल्या घरात डबा मिळायचा नाही. ती आत गेली, बाहेर आली. "पीज ऑर टोमॅटो?"

मी विभावरीकडे बघितलं. विभावरीने कणकेकडे.

मग पोरीने माझी शाळा घेतली. म्हणे, तुमचे मटार परदेशातून येणार, बाजारात पडून राहणार, मग आपल्या फ्रिजमध्ये, तोवर व्हिटॅमिन सी कमी होत जातं. डब्यातले तोडल्यावर लगेच बंद होतात, उकळताना जाईल तेवढं जातं, बाकीचं बरंचसं टिकतं. मीठ जास्त असतं, ते धुवायचं. "मम्मा ऑलवेज रिन्सेस." ऑलवेज! म्हणजे हीसुद्धा कटात!

बरं, मग माझे मटार जात कुठे होते? खाली, वॉचमन शौकतकडे! आता कळलं, तो मला लिफ्टपाशी गाठून का म्हणाला, "साब, इस हफ्ते मटर थोड़ा कम मीठा था."

राग नाही आला हो, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. विभावरीला विचारलं, किती वर्षं चाललंय हे? म्हणाली, ओवी झाल्यापासून. ओवीला दहा पूर्ण झाली! दहा वर्षं मी डब्याला दाद देतोय, ताजं ते ताजं म्हणून! म्हटलं, अगं, एकदा सांगायचंस, मी कशाला मेलो असतो त्या उन्हात? तर हातातली कणीक बाजूला ठेवून शांतपणे म्हणाली, "अहो, म्हणूनच नाही सांगितलं. आठवड्यात तेवढेच चार तास घर शांत असतं."

आता बोला!

काल शनिवार होता. गेलो. एकही शेंग न मोडता भाजी घेतली, दीड तासात बाजार उरकला, मग खालिद लगूनच्या काठी गाडीत एसी लावून अडीच तास बसून राहिलो… घरी लवकर जाऊन उगाच कुणाची शांतता कशाला मोडायची?