धाग्यावर न बसलेले ठिपके

रंजनावहिनी, आणि भोसरीच्या या विहारात जमलेले तुम्ही सगळे. मी प्रतिभा. चाकणच्या कंपनीत दिलीप सरांच्या हाताखाली मेंटेनन्सला आहे. मला बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. भीती वाटतेय म्हणून.

सर मागच्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. त्यांचं काम तुम्हाला माहीत आहे. पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनची थरथर रोज मोजायची, मोजणीचा कागदावर ठिपका द्यायचा, ठिपक्यांमधून एक सरळ रेषा काढायची. ती पुढे नेली की बेअरिंग कधीपर्यंत टिकेल, याचा अंदाज येतो. कंपनीतले तुम्ही त्यांना ज्योतिषीबुवा म्हणायचात. सर हसायचे, पण आत येऊन माझ्यावर चिडायचे.

रेषा त्यांनी मला कॉम्प्युटरवर नाही शिकवली. वहिनी, तुमच्या शिलाईच्या डब्यातला काळा धागा आणला होता त्यांनी. कागदावर ताणून म्हणाले, "सगळ्या ठिपक्यांचा रुसवा, म्हणजे धाग्यापासूनचं अंतर, मिळून कमीत कमी राहील, असा धर." मी धरला. म्हटलं, सर, छान बसली की रेषा. तर म्हणाले, "रेषा बघू नकोस. कोण रुसलंय ते बघ."

संतोषभाऊ, तुम्ही मागे बसलाय. तुमच्या प्रेसची रेषा म्हणते, दिवाळीपर्यंत काळजी नाही. पण सर गेल्यापासूनचे सगळे ठिपके धाग्याच्या वर आहेत, म्हणजे थरथर अंदाजापेक्षा जास्त आहे. आज सकाळचा तर फारच वर. जुने ठिपके पुष्कळ, नवे थोडे, म्हणून रेषा अजून जुन्यांचंच ऐकते.

सर असते तर त्यांनी प्रेस थांबवली असती. त्यांचा शब्द चालायचा. माझं कोण ऐकणार? साहेब विचारतील, कॉम्प्युटर काय म्हणतो? कॉम्प्युटर म्हणतो, चालू द्या. मी चुकले तर नोकरी जाईल. आणि गप्प बसले तर? त्या प्रेसखाली तुमचे हात असतात, भाऊ.

मी खूप घाबरलेय. म्हणून सगळ्यांसमोर बोलून ठेवते, म्हणजे उद्या मला मागे फिरता येणार नाही. संतोषभाऊ, उद्या सकाळी प्रेस चालू करू नका. मी येऊन तिथे उभी राहीन. तुम्हीही माझ्याजवळ उभे राहा.

आता आधी सरांसाठी उभे राहू या. थोडा वेळ, अगदी शांत.

जय भीम, सर.