अण्णांची साखर खाल्ली कुणी?

मंडळी, जरा पुढे सरका. घसा बसलाय माझा. पेटीवाले, तुम्हीही आज सूर खालचाच धरा. देवाचं नाव घ्या एकदा — अहो, मोठ्यानं! बरं, असू द्या. घेतलंत तेवढं पुरे. मलाही आज ओरडवत नाही.

प्रश्न एवढाच आहे. तुम्ही दानधर्म करता. करता ना? माना तर हलल्या सगळ्यांच्या! मग सांगा — तुम्ही दिलेलं पोचतं कुणाला? कधी वाकून बघितलंय?

ऐका तर. विसूअण्णा कुंटे म्हणून एक गृहस्थ होते. दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्त झाले. सरळ माणूस. त्यांच्या कुटुंबाला, इंदिराबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, बाई अंथरुणाला खिळल्या. औषधं झाली, मालिश झालं, सगळं करून अण्णा थकले. तेव्हा कुणीतरी सांगितलं — आपल्याकडे सांगणारे काय कमी आहेत? — 'अण्णा, मुंग्यांना साखर घाला! वहिनी उठून बसतील.'

झालं! अण्णांनी नेम धरला. रोज सकाळी सातला डबा घेऊन महादेवाच्या देवळात. थंडी असो, ताप असो, नेम चुकला नाही. किती वर्षं? सहा वर्षं, मंडळी!

आता साखर घालायची कुठं? अंगणात घातली तर पावसात विरघळणार, वाटेवर घातली तर तुडवली जाणार. अण्णा हुशार! देवळाच्या मागच्या भिंतीलगत, वळचणीखाली, बारीक कोरडी माती होती. पाऊस लागत नाही, पाय पडत नाही. तिथं उभ्यानंच मूठ सोडायची. गुडघे दुखायचे ना, वाकणार कसे? डोळे मिटायचे, म्हणायचं, 'देवा, हिला उठव.' मग तिथंच पायरीवर तासभर जप. आठ वाजता घर.

एके दिवशी काय झालं — डब्याचं झाकण निसटलं. गडगडत भिंतीशी गेलं. अण्णा कण्हत, भिंत धरत खाली बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा! आणि बघतात तर मातीत खड्डेच खड्डे. छोटे, गोल, नरसाळ्यासारखे. एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन निघाली होती. काठावर आली — पाय सरकला! वर चढते, माती ढासळते. पुन्हा चढते — आणि खालून कुणीतरी माती फेकतंय तिच्यावर! पट्... पट्... मुंगी तळाला गेली. मातीतून दोन चिमटे निघाले आणि मुंगी दिसेनाशी झाली.

अण्णा ओरडले, "तान्हूबाई! अहो, इकडे या!"

तान्हूबाई म्हणजे देवळाची झाडलोट करणारी गुरवीण. ती खराटा घेऊन आली. "काय झालं अण्णा? पडलासा का?"

"हे काय आहे?"

"ह्ये व्हय? किडा हाय. खड्डा करतो, खाली दडून बसतो. मुंगी पडली की रस शोषून घेतो, टरफल बाहेर फेकतो. मी रोज झाडती, त्यो रोज नवा खड्डा काढतो. आधी चार-दोनच हुते बगा. तुमची साखर सुरू झाली, मुंग्यांची रांग लागली, तशी ही जत्रा भरली!"

ऐकलंत? अण्णा सहा वर्षं मुंग्यांना जेवायला बोलवत होते — आणि पान वाढत होते भलत्यालाच!

शिकलेली माणसं त्याला मुंगीसिंह म्हणतात. सिंह कसला, हरभऱ्याएवढा किडा! चालतो तो उलटा. दोन-दोन वर्षं त्या खड्ड्यात. मुंगी आली तर जेवण, नाही तर महिनोन्‌महिने उपास. आणि गंमत सांगू? त्याला बाहेर टाकायची वाटच नाही! खाल्लेलं सगळं पोटात धरून बसायचं, पंख फुटेपर्यंत. हसू नका! दहा-दहा वर्षांपूर्वीचं बोलणं पोटात धरून बसलेली माणसं याच मांडवात आहेत. शेवटी मातीचा एक गोळा करून तो आत निजतो. बाहेर येतो तेव्हा लांब, नाजूक पंख. चतुरासारखा दिसतो, पण धड उडताही येत नाही. थोडे दिवस फडफडतो आणि संपतो. त्याचं पाप काय हो? देवानं त्याला दुसरं काही शिकवलंच नाही.

पण अण्णा संतापले. पाण्याचा तांब्या उचलला, "बुडवतो एकेकाला!"

तान्हूबाईनं हात धरला. "अण्णा, त्यो त्याच्या जागंवर हाय. साखर तुमी आणली."

तांब्या खाली आला. अण्णा तसेच घरी निघाले. त्या दिवशी जप नाही. सव्वासातलाच दारात!

आत बघतात तर इंदिराबाई एकट्या. मुलगा-सून पावणेसातला कामावर जायचे. उशाशी चहा ठेवलेला, वर साय धरलेली. बाई डावा हात कपापर्यंत न्यायची धडपड करतायत, अर्धा चहा चादरीवर. अण्णांना बघून दचकल्या.

अण्णा मटकन बसले. "इंदू, सगळं वाया गेलं गं! माझी साखर मुंग्यांना मारत होती. आता तू उठायचीस कशी?"

बाई बोलायच्या तुटक. तोंड वाकडं झालेलं. म्हणाल्या, "अहो... मी उठायचं... मागितलंच नव्हतं. हा एक तास... तुम्ही नसता. चहा... निवतो. भीती वाटते."

सहा वर्षं, मंडळी! घरातलं माणूस कपाशी झुंजत होतं, आणि आमचे अण्णा मुंग्या जेवू घालत होते — तिच्यासाठीच!

"बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला... तेवढाच... आधार होता."

अण्णा रडले हो. मोठ्यानं रडले. मग उठले, चहा गरम केला, चमच्यानं पाजला.

आता विचाराल, बुवा, मग इंदिराबाई उठल्या का? सांगावंसं फार वाटतं. तुम्हालाही बरं वाटेल, मलाही टाळी मिळेल. पण नाही उठल्या. आणखी दोन वर्षं होत्या, मग गेल्या. एवढंच, की त्या दोन वर्षांत त्यांनी एकदाही गार चहा प्यायला नाही.

अण्णांना हसताय? माझ्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. त्यातल्या किती संध्याकाळी मी घरी होतो, ते मला विचारू नका, तिला विचारा. आणि मी गावोगाव सांगत फिरतोय, आपल्या माणसाजवळ बसा म्हणून! लाज वाटते, मंडळी. खरंच वाटते.

आता तुमचं. इथं येताना तुम्ही कुणाला तरी म्हणाला असाल, 'तू जरा पडून राहा, मी कीर्तनाला जाऊन येतो.' आठवलं ना तोंड? आरतीला थांबू नका. आरती पुजारी करतील. उठा, चपला घाला. साडेसातची एसटी मिळाली तर मीही निघतो.