विहिणींचा अबोला

तुम्हांला आमच्या घरातला अबोला ठाऊक नाही. थोरल्या जाऊबाई ख्रिस्ती. त्यांच्या लग्नापासून त्यांची आई आणि आमच्या सासूबाई एकमेकींशी बोलत नसत. मुलगी झाली तेव्हा जाऊबाईंनी दोघींनाही बजावलं, "हिच्या अंगावर कुठल्याच देवाचं काही घालायचं नाही. घातलंत, तर पहिल्या बोटीनं हिला घेऊन आम्ही मुंबईला."

दोघी मुकाट्यानं ऐकून घेतात म्हटल्यावर मला संशय आलाच.

आठच दिवसांनी अंघोळीसाठी झबलं काढलं, तर एकाच काळ्या दोऱ्यात मारुतीचा ताईत आणि क्रूस. जाऊबाई कात्री घेऊन आल्या, पण दोरा बघून हसतच सुटल्या.

"म्हणजे तुम्ही दोघी बोलता? मग कशाला जातेय मी मुंबईला."

"बोलतंय कोण गो तिच्याशी?" सासूबाई म्हणाल्या. "पोर वळवळत होती. तिनं धरलीन, मी गाठ मारली."