पाइपावरचा बबन

वजनाचा विषय निघालाच आहे तर बबनचं सांगतो. वाडीच्या आमच्या गॅरेजात ट्रकच्या चाकाचे नट कसायले मशीन नव्हती. पान्याले लांब पाइप लावायचा आणि माहा पार्टनर बबन चपला काढून पाइपाच्या टोकावर उभा राहायचा. एवढा भारी गडी, की नट कर्रकन वाजून घट्ट बसायचा. ड्रायवर लोक दुसऱ्या कोणाले पाइपावर चढूच देत नव्हते.

मग त्याले कॅन्सर झाला. दवाखान्यातून आला तेव्हा निम्माच उरला होता, पण घरी काही करमेना, म्हणून गॅरेजात येऊन बसायचा. एक जुना ड्रायवर आला अन् म्हणे, "बबनभाऊ, नट तुम्हीच कसा."

बबन चपला काढून चढला. पाइप जागचा हलला नाही. ड्रायवर त्याच्याकडे पाहून राहिला. मी मागून हळूच पाइपावर बूट ठेवला आणि जोर दिला. नट कर्रकन वाजला.

"झालं. जा आता बिनधास्त," बबन ड्रायवरले म्हणाला.

ट्रक गेल्यावर मी म्हटलं, "पाहिलं? अजून दम हाय तुह्यात."

बबन चपला घालत होता. म्हणे, "पाइप पुसून ठेव गा. तुह्या बुटाचा चिखल लागला त्याले."