मातृकेचं स्पेलिंग

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, वाचक मंडळी, माझे सहकारी आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई,

आपल्या ‘मातृका’ ब्रेल ग्रंथालयाचा कार्यवाह म्हणून मला गौरवाचं भाषण करायला उभं केलं आहे. सव्वीस वर्षं इथलं प्रत्येक ब्रेल पुस्तक बाईंनी बोटांनी तपासलं. छपाईवाले अजूनही म्हणतात, ‘बाईंचा हात फिरला की आम्ही निर्धास्त.’ पण या भाषणासाठी मला निवडताना आपली चूक झाली, असं मला वाटतं. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आपण वेबसाइट काढायचं ठरवलं. वाचकांनी पुस्तकं घरबसल्या मागवावीत, हा हेतू. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणता घ्यायचा, यावर बैठक झाली. मला इंग्रजीत ‘तृ’साठी आय घालून लिहिलेलं ‘मातृका’ आणि पुढे डॉट ऑर्ग हवं होतं. बाई म्हणाल्या, “आपला वाचक पत्ता ऐकून टाइप करणार. ‘तृ’ ऐकल्यावर निम्मे लोक यू दाबतील. दोन्ही स्पेलिंग घेऊन ठेवा. आणि डॉट कॉमसुद्धा बघा, लोकांच्या तोंडी तेच बसलंय.”

यावर मी काय म्हणालो? म्हणालो, “बाई, ब्रेलचं तुम्ही बघा. वेबसाइट दिसायलाही चांगली लागते हो!”

सगळे हसले. मी आय घातलेलं डॉट ऑर्ग तेवढं घेतलं.

यू घातलेलं डॉट कॉम तान्ह्या बाळांचे कपडे विकणाऱ्या एका दुकानाचं निघालं. त्यांच्या पानावरही संपर्काचा अर्ज होता. संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाने ‘मातृका’ म्हटलं, की आपले वाचक बिनधास्त तोच अर्ज भरायचे. इकडे मी मात्र, मागण्या कमी येतात, लोकांना वाचायचंच नाही, असं चारचौघांत बोलत होतो.

मग एके दिवशी एक आई मुलीला घेऊन ऑफिसात आली. मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. “मातृका डॉट कॉमवर अर्ज करून तीन महिने झाले. परीक्षा परवा आहे. पुस्तक कुठंय?” माझ्या ध्यानात सगळं आलं. आणि मी म्हणालो, “पत्त्याचं स्पेलिंग आमच्या बाईंनी ठरवलं होतं.”

बाई शेजारच्याच टेबलावर पान तपासत होत्या. त्यांची बोटं थांबलेली मी पाहिली. त्यांना दिसत नाही, याचा त्या क्षणी मला आधार वाटला. आज सभागृहात हे सांगायची लाज वाटते आहे, पण आधार वाटला हे खरं.

त्या उठल्या. मुलीला म्हणाल्या, “ये बाळा, बस. कुठला विषय अवघड जातोय?” दोन दिवस दोघी शेजारी बसल्या. छापखान्यातून एकेक प्रकरण निघेल तसं बाई तपासून तिच्या हातात देत होत्या. सगळं पुस्तक काही झालं नाही. मुलगी त्या विषयात नापास झाली, तिचं वर्ष गेलं. बाईंनीच त्या दुकानात फोन करून अडकलेले एक्केचाळीस अर्ज मागवले आणि एकेका वाचकाला स्वतः फोन करून माफी मागितली. कुणाच्या चुकीची?

चौकशी झाली तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. उलट इतिवृत्तात मी लिहिलं, ‘स्पेलिंग बाईंच्या शिफारशीनुसार.’ त्या वर्षी त्यांची बढती अडली. पुढे मी रीतसर यू घातलेलं डॉट ऑर्गही घेतलं आणि त्याबद्दल आपण टाळ्या वाजवल्यात.

काल मी बाईंना म्हटलं, “उद्या सगळं सांगणार आहे.” त्या म्हणाल्या, “सांगा. पण माझ्यासमोर रडू नका, मला ऐकू फार चांगलं येतं.”

अध्यक्षमहोदय, इतिवृत्तातलं माझं ते वाक्य खोटं आहे, असं मी लेखी दिलं आहे. माझा राजीनामाही त्याच पाकिटात आहे. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभागृहाने मला सांभाळून घ्यावं. बाई, तुम्ही मात्र सांभाळून घेऊ नका.